तळ्याच्या मधोमध दोर

माझी आत्या रागावली की तिचा आवाज चढत नाही, खाली येतो. टँकवर शिकायला येणाऱ्यांना हे पहिल्या आठवड्यातच कळतं. ती ओरडतेय, शिट्टी फुंकतेय म्हणजे सगळं ठीक चाललंय. ती काठाशी उकिडवी बसून हळू बोलायला लागली, की गुपचूप पाण्याबाहेर यावं आणि आपलं काय चुकलं ते ऐकून घ्यावं.

तीस वर्षं ती पालिकेच्या स्विमिंग टँकवर पोहायला शिकवतेय. लोक तिला शिट्टीबाई म्हणतात, अर्थात तिच्यामागे. राहते आमच्याच घरात, वरच्या दोन खोल्यांत. जिन्यात क्लोरीनचा वास आला की आत्या आली. माझे बाबा तिचे धाकटे भाऊ. त्यांचा धंदा गावाबाहेरच्या मोठ्या तळ्यावर कयाक आणि बोटी भाड्यानं देण्याचा. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. वय चौतीस. वय मुद्दाम सांगतेय, कारण जे झालं तेव्हा मी लहान होते, मला कळलं नाही, अशी सबब मला नाही.

त्या तळ्यावर वर्षातून एकदा ट्रायथलॉन व्हायची. लांब पल्ल्याची. सकाळी तळ्यात पावणेचार किलोमीटर पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसून एकशे ऐंशी किलोमीटर तुडवायचे, आणि मग बेचाळीस किलोमीटर पळायचं. हे असं कुणाला करावंसं का वाटतं, ते मला अजून कळलेलं नाही. आत्यालाही त्यातलं सायकल आणि पळणं फारसं कळत नव्हतं. तिचा संबंध पाण्याशी. एकोणीस वर्षं पाण्यावरची सगळी सुरक्षा तिच्याकडे होती आणि तिच्या सहीशिवाय शर्यत सुरू होत नसे.

तिची पद्धत सोपी होती. पाण्यात किती माणसं उतरली ते दोघांनी मोजायचं, बाहेर किती आली ते दुसऱ्या दोघांनी. आकडे जुळेपर्यंत एकही कयाक काठाला लागायची नाही. वीस पोहणाऱ्यांमागे एक कयाक, आणि सगळ्यांच्या मागे बाबांची मोटरबोट. तीन लांब शिट्ट्या झाल्या की शर्यत संपली, कुणी का जिंकत असेना, सगळ्यांनी पाण्याबाहेर. एकोणीस वर्षांत तिनं तीन लांब शिट्ट्या दोनदा वाजवल्या. दोन्ही वेळा लोकांनी शिव्या दिल्या, आणि दोन्ही वेळा सगळे जिवंत घरी गेले.

मग दुसरी कंपनी आली.

जुनी कंपनी काही संत नव्हती. जगभर अशा शर्यती भरवायच्या, हौशी लोकांकडून प्रवेशिका भरून घ्यायच्या, आणि पहिल्या येणाऱ्या पट्टीच्या खेळाडूंच्या हातावर काहीतरी टेकवायचं, असा तिचा कारभार. नव्या कंपनीनं तिथंच बोट ठेवलं. आम्ही व्यावसायिक खेळाडूंसाठी जागतिक अजिंक्यपद भरवतो, म्हणाली. वर्षभर शर्यती, प्रत्येक शर्यतीचे गुण, गुणांची यादी, सगळं टीव्हीवर. खेळाडूंशी करार केले. ऐकायला बरं वाटलं. मलाही वाटलं, चला, त्या बिचाऱ्यांना कुणी विचारतंय. पण वर्षभरात जुनी कंपनीही तशीच यादी घेऊन उभी राहिली, आणि दोघींची जी जुंपली ती शाळेतल्या पोरींना लाजवेल अशी. एकीनं तारीख जाहीर केली की दुसरी त्याच तारखेवर बोट ठेवणार. एकीकडे पळालात तर दुसरीकडचे गुण गेले. पाणी वाटायला उभ्या राहणाऱ्या कार्यकर्त्यांकडूनसुद्धा लिहून घ्यायला लागले, की मी त्यांच्याकडे पाणी वाटणार नाही.

आमच्या तळ्याला दोघी एकदमच चिकटल्या. त्याच महिन्यातला तोच रविवार. दोघींपैकी कुणी एक आठवडा मागे सरकेना. तळ्याच्या कार्यालयानं दोघींनाही हो म्हटलं. उत्तरेचा अर्धा भाग नवीला, दक्षिणेचा जुनीला.

आत्या जुनीकडे होती, कारण ती पहिल्यापासून तिथंच होती. बाबांना नवीनं बोलावलं. तीन वर्षांचा करार, छातीवर चिन्ह असलेलं निळं जाकीट, आणि ‘बचाव पथक प्रमुख’ हे पद. बाबांनी ते जाकीट घरात घालून पाहिलं. आरशासमोर उभे राहिले तेव्हा नेमकी आत्या जिन्यावरून खाली आली.

ती स्वयंपाकघरात बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “तुझ्या तीस कयाक मला लागतात.”

“त्या आता त्यांच्याकडे जातील, ताई.”

“मग माझ्या बाजूला बावीसच उरतात. पोहणारे सातशे. तुला भागाकार येतो.”

बाबा चिडले. आयुष्यभर शनिवार-रविवारच्या गर्दीला कयाक देत आणि चिखलानं भरलेल्या परत घेत बसायचं का, असं त्यांनी विचारलं. एकोणीस वर्षं ताईच्या मागे मागे बोट चालवली, कधी कुणी आपलं नावसुद्धा घेतलं का? ते खोटं नव्हतं. आत्यानं भावाला कधी शाबासकी दिली नव्हती. तिच्या लेखी काम नीट करणं ही कौतुकाची गोष्टच नाही. मी मध्ये पडले ती बाबांच्या बाजूनं. म्हटलं, आत्या, त्यांनाही काही वाटत असेल ना. तिनं माझ्याकडे पाहिलं, चहा तसाच ठेवला आणि वर गेली.

बाबांना बोटीत वॉकीटॉकी सांभाळायला माणूस हवा होता. मी हो म्हटलं.

याच सुमारास टँकवर ती मुलगी यायला लागली. मुलगी म्हणजे एकतीस वर्षांची बाई. व्यावसायिक खेळाडू, पण यादीत अठ्ठाविसावी. त्या जागेवरच्या माणसाचं काही घर चालत नाही. म्हणून ती अर्धा दिवस रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करायची. आत्या तिला लॅबवाली म्हणायची. पहाटे टँक उघडायच्या आधी दारात उभी असायची आणि पोहून झालं की केस ओले घेऊनच कामावर पळायची. तिचं हातांचं वल्हवणं पाहायला आत्या आपली शिकवणी थांबवायची. एवढं तिनं माझ्यासाठी कधी केलं नाही.

शर्यतीच्या आधीच्या बुधवारी लॅबवाली चार फेऱ्यांत काठाला लागली. खोकत होती. आत्यानं कपाळाला हात लावला. ताप होता. आत्या तिथंच उकिडवी बसली आणि म्हणाली की रविवारी तू पाण्यात उतरायचं नाहीस.

लॅबवालीनं सगळं सांगितलं. तिचा करार नवीशी होता. वर्षात ठरावीक शर्यती पुऱ्या केल्या नाहीत तर यादीतून नाव खाली, आणि तिसाव्याच्या खाली गेलं की करार संपला. आजारी असाल तर कंपनीच्या डॉक्टरचा कागद हवा. कंपनीचे डॉक्टर शनिवारी संध्याकाळी येणार होते आणि रविवारी पहाटे शर्यत होती. जुनीकडे गेलं तर तिथं नव्यानं शून्यापासून सुरुवात.

“आले नाही तर जागा जाते,” ती म्हणाली. “सहा वर्षं घालवलीत या जागेसाठी.”

आत्यानं तिला गोळ्या दिल्या, गरम पाणी दिलं आणि लॅबपर्यंत गाडीनं सोडलं. मग तशीच तळ्याच्या कार्यालयात गेली, कारण त्या दुपारी बैठक होती. मीही गेले होते, बाबांबरोबर.

लांब टेबलाच्या एका बाजूला नवीचा संचालक. त्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं, म्हणून आम्ही त्याला दोनघड्याळ्या म्हणायचो. दुसऱ्या बाजूला जुनीची व्यवस्थापक बाई, सतत हसणारी. दोघांचे वकील दोघांच्या शेजारी. मध्ये तळ्याचा अधिकारी, ज्याला फक्त बैठक लवकर संपायला हवी होती. भिंतीवर तळ्याचा नकाशा आणि नकाशाच्या मधोमध लाल रेघ. त्या रेघेवर सहाशे मीटर लांब दोर बांधायचा होता, नारिंगी गोळ्यांवर तरंगणारा. इकडच्यांनी इकडे, तिकडच्यांनी तिकडे.

आत्यानं तीन गोष्टी मागितल्या. दोन्हीकडच्या वॉकीटॉकींना एक सामाईक चॅनल. बचावाच्या बोटींना दोर ओलांडायची मुभा. आणि दोघींमध्ये निदान एका तासाचं अंतर. तिसरी मागणी दोघांनी एका सुरात उडवली. टीव्हीची वेळ ठरली होती. उरलेल्या दोन मागण्या वकिलांनी उडवल्या. यांचा विमा या अर्ध्या भागाचा, त्यांचा त्या. बोट पलीकडे गेली की तिच्यावरची माणसं कुणाच्याच विम्यात नाहीत. दोनघड्याळ्या म्हणाला की आपापल्या बाजूला पुरेशा बोटी आहेत, मग पलीकडे जायची वेळच कशाला येईल?

“वारा दोर बघून वाहत नाही,” आत्या म्हणाली. आवाज इतका खाली, की अधिकाऱ्यानं तिला परत बोलायला लावलं.

हसणाऱ्या बाईनं आत्याच्या हातावर हात ठेवला. “ताई, तुम्ही आपल्या बाजूचं बघा ना.”

आणि मग आत्यानं सही केली. हे मला लिहायलाच हवं, कारण पुढे तिनं स्वतःच ते कधी झाकलं नाही. ती उठून जाऊ शकली असती. पण ती गेली असती तर त्यांनी कुणालातरी पकडून सही घेतली असती आणि सातशे माणसं त्याच्या भरवशावर पाण्यात उतरली असती. तिनं सही केली आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: दोर धोक्याचा आहे, तोंडी व लेखी सांगितले. अधिकाऱ्यानं तो कागद न वाचता फायलीत घातला.

रविवारी पहाटे उत्तरेचा वारा होता. तळ्यावर बारीक, आखूड लाटा, पोहणाऱ्याच्या तोंडावर फुटणाऱ्या. धक्क्यावर दोनघड्याळ्यानं सगळ्या बोटवाल्यांना गोळा केलं आणि एकच गोष्ट दोनदा सांगितली: दोर ओलांडायचा नाही, ओलांडलात तर विमा संपला आणि करारही. बाबांनी मान हलवली. निळं जाकीट त्यांना शोभत होतं.

साडेसहाला पुरुष सुटले, पाच मिनिटांनी बायका. चंदेरी टोप्या. पहिल्या वळणापर्यंत सगळं सुरळीत होतं. दुसरं वळण दोराच्या अगदी जवळ होतं, कारण मार्ग अर्ध्या तळ्यात बसवायचा म्हणून तो तिथपर्यंत ताणलेला होता. बायकांचा घोळका वळला आणि एक टोपी मागे राहिली. ती उताणी झाली. एक हात वर गेला. हात वर म्हणजे मदत, हे सगळ्यांना सांगितलेलं असतं. जवळची कयाक घोळक्याबरोबर पुढे गेली होती.

बाबांनी बोट वळवली. त्यात क्षणाचाही उशीर झाला नाही, हे मी कुणासमोरही सांगेन. पण आम्ही पोचेपर्यंत वाऱ्यानं तिला दोरावर नेलं होतं. तिनं दोर धरला. हुश्श झालं मला. मग एक लाट आली, तो नारिंगी गोळा हातातल्या हातात फिरला, आणि ती दोराखालून पलीकडे गेली. डोकं वर आलं तेव्हा ती दोरापासून पाच-सहा मीटरवर होती. पलीकडच्या बाजूला.

बाबांनी इंजिन बंद केलं. बोट दोराशी डुलत उभी राहिली.

“विचार,” ते मला म्हणाले.

मी वॉकीटॉकीवर विचारलं. खेळाडू पलीकडे गेलीय, ओलांडू का? उत्तर आलं, थांबा, त्या बाजूला कळवतोय. सामाईक चॅनल नव्हता, म्हणून कळवायचं म्हणजे फोन करायचा. फोन लागत नव्हता, हे मला नंतर कळलं. मी पुन्हा विचारलं. थांबा. तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा चंदेरी टोपी एकदा पाण्याखाली जाऊन वर आली होती, आणि मग परत गेली.

मला पोहता येतं. मला आत्यानं शिकवलंय. बारा वर्षांची असताना मी त्याच तळ्यात, त्याच जागेवरून काठापर्यंत पोहलेय. पण हातात वॉकीटॉकी होती, कानात ‘थांबा’ होतं, आणि मी थांबले.

चारशे मीटरवर, दक्षिणेकडे, आत्या आपल्या बोटीत उभी होती. ती पाण्यावर कधी बसत नाही. तिच्या लाल टोप्या नुकत्याच सुटल्या होत्या, सगळ्या तिच्या डाव्या हाताला. उजवीकडे, जिथं कुणीच असायला नको तिथं, तिला चंदेरी ठिपका दिसला, आणि मग दिसेनासा झाला. तिनं तीन लांब शिट्ट्या मारल्या. ज्या सातशे लोकांनी वर्षभर घाम गाळला होता त्यांची शर्यत तिनं तिथल्या तिथं संपवली, त्यांना कयाकवाल्यांवर सोपवलं आणि बोट आमच्याकडे सोडली.

तिनं बोट थांबवलीही नाही नीट. छप्पन्न वर्षांची बाई कपड्यांसकट पाण्यात गेली. किती वेळ खाली होती ते मला सांगता येणार नाही. वर आली तेव्हा लॅबवालीचं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि चेहरा राखेसारखा. तिच्या बोटीवरच्या दोघांनी दोघींना वर ओढलं. आत्यानं तिथंच गुडघ्यावर बसून तोंडानं श्वास द्यायला सुरुवात केली. पाचव्या की सहाव्या श्वासाला लॅबवालीच्या तोंडातून पाणी आलं.

तेव्हा आत्यानं वर पाहिलं. रुग्णवाहिका उत्तरेच्या धक्क्यावर होती, आमच्या मागे, दोनशे मीटरवर. दक्षिणेची दीड किलोमीटरवर. मध्ये दोर.

“दोर उचल,” ती बाबांना म्हणाली. जेमतेम ऐकू येईल असं.

“ताई, परवानगी मागितलीये.”

तिनं कमरेला अडकवलेला सुरा काढला, वाकून दोर धरला आणि कापला. दोन्ही टोकं वाऱ्याबरोबर फाकली. तिची बोट आमच्या शेजारून गेली, हात लांब केला असता तर लागला असता इतक्या जवळून. एका हातानं ती लॅबवालीची मान धरून होती आणि तोंडात शिट्टी होती. तीन लांब. पुन्हा तीन लांब. उत्तरेकडच्या कयाकवाल्यांपैकी निम्मे तिच्याच टँकवर शिकलेले. त्यांनी कंपनीला विचारलं नाही. त्यांनी वल्ही आडवी धरली आणि चंदेरी टोप्या काठाला काढायला लागले. जग टीव्हीवर बघत असताना दोन्ही अजिंक्यपदं एका शिट्टीवर बंद पडली.

दुपारी धक्क्यावर मी तिला शोधत गेले. ती ओल्या कपड्यांत खांबाला टेकून बसली होती. बाबा दूर उभे होते, जाकीट काढून हातात घेतलेलं. मला खूप बोलायचं होतं. चार वेळा विचारलं, हे सांगायचं होतं.

“तुला पोहता येतं,” ती म्हणाली. बाकी काही नाही.

लॅबवाली जगली. अकरा दिवस दवाखान्यात होती. तापात फुप्फुसं आधीच भरलेली, त्यात तळ्याचं पाणी. आता ती जिना चढते, कामावर जाते, पण मोठ्या शर्यती संपल्या. त्या रविवारच्या निकालाच्या यादीत नवीनं तिच्या नावापुढे लिहिलं होतं: अपूर्ण. इतर बायकांपुढे ‘शर्यत रद्द’, हिच्यापुढे ‘अपूर्ण’, कारण शिट्टी वाजली तेव्हा ती नियमानं मार्गाबाहेर होती. रद्द शर्यत सरासरीत धरत नाहीत, पण अपूर्णाचे गुण शून्य, आणि ते धरतात. शून्यामुळे ती एकतिसावी झाली. दवाखान्यातल्या खाटेवर तिला करार संपल्याचं पत्र आलं, आणि पत्राच्या शेवटी लवकर बरे होण्यासाठी शुभेच्छा होत्या. आत्यानं ते पत्र वाचलं, परत त्याची घडी घातली आणि पाकीट सरळ करून लॅबवालीच्या उशाशी ठेवलं.

दोन वर्षं एकमेकींचं तोंड न पाहिलेल्या त्या दोन कंपन्या महिन्याभरात एका गोष्टीसाठी मात्र एकत्र आल्या. दोघींनी मिळून आत्याविरुद्ध तक्रार केली. एकाच कागदावर दोघांच्या सह्या. मालमत्तेचं नुकसान, म्हणजे दोर. हद्दीचा भंग. अधिकार नसताना दुसऱ्याची शर्यत थांबवणे. पालिकेनं तिला टँकवरून रजेवर पाठवलं, चौकशी होईपर्यंत. तीस वर्षांत तिनं रजा घेतली नव्हती. ती रोज पहाटे उठायची, बॅग भरायची, आणि ती बॅग घेऊन वरच्या खोलीत बसून राहायची. बाबांशी बोलणं बंद. जिन्यात समोर आले तर ती भिंतीकडे बघत उतरायची. बाबा जेवायचे नाहीत धड. मला दोघांचाही राग यायचा, आणि आरशात बघितलं की तिसऱ्या माणसाचा.

चौकशी तळ्याच्या कार्यालयात झाली, त्याच टेबलाशी. भिंतीवर नकाशा तोच होता, फक्त लाल रेघ कुणीतरी खोडरबरानं घासून टाकली होती. दोनघड्याळ्या म्हणाला की त्यांच्या पथकानं कार्यपद्धती तंतोतंत पाळली, आणखी काही मिनिटांत परवानगी मिळालीच असती. हसणारी बाई म्हणाली की खेळाडू मुळात त्यांची नव्हतीच.

आत्याला विचारलं, दोर कापण्याचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

ती उभी राहिली. “कुणी नाही,” ती म्हणाली. “आणि तो दोर बांधायला मी सही दिली, तो अधिकार मात्र मला होता. माझी शिक्षा त्याबद्दल लावा. फाइल उघडा, खाली मी काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचा, आणि मग मला सांगा, ते कुणी कुणी वाचलं होतं.”

अधिकाऱ्यानं फाइल उघडली. वाचताना त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मग मला बोलावलं. मी वॉकीटॉकीचं ध्वनिमुद्रण मागितलं होतं. नवीच्या वकिलानं ते हरवलं असं सांगितलं होतं. पण टीव्हीवाल्यांकडे ते होतंच, त्यांच्या चित्राखाली आवाज म्हणून. त्यांच्या एका तंत्रज्ञ बाईनं मला ते दिलं, कुणाला न विचारता. मी ते टेबलावर लावलं. माझा आवाज, थांबा. माझा आवाज, थांबा. पहिल्या प्रश्नापासून आत्याच्या शिट्टीपर्यंत एक मिनिट पन्नास सेकंद. खोलीत बसून ऐकायला ते किती लांब आहे, हे तुम्हाला कळायचं असेल तर घड्याळ लावून गप्प बसा. दोनघड्याळ्या आपल्या दोन्ही घड्याळांकडे न बघता खाली बघत होता.

बाबा सगळ्यांत शेवटी उठले. वकिलानं त्यांना सोपा रस्ता करून दिला. तुम्ही आदेशाचं पालन केलंत, असंच ना? बाबांनी निळं जाकीट घडी करून आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं.

“ती माझ्यासमोर होती,” ते म्हणाले. “हात लांब केला असता तर नाही, पण उडी मारली असती तर मिळाली असती. मी मारली नाही. आदेश होता. पण आदेश नसताना मी एकोणीस वर्षं उड्या मारल्यात, हेही लिहून घ्या.”

निकाल लागायला दोन महिने गेले. आत्यावरची तक्रार काढून टाकली. यापुढे तळ्यावर एका दिवशी एकच शर्यत, पाण्यावर एकच प्रमुख, तो कंपनीचा नाही, तळ्याचा. दोर बंद. कंपन्यांना कानपिचक्या देणारा एक परिच्छेद. दंड नाही, शिक्षा नाही. नवी पुढच्या वर्षी दुसऱ्या गावाच्या तळ्यावर गेली आणि तिथं तिनं टीव्हीवर सुरक्षेबद्दल एक छान फिल्म दाखवली. जुनी आमच्याकडे राहिली. हसणारी बाई बढती मिळून वर गेली. मला वाटलं होतं, हे सगळं वाचून आत्याचा राग थोडा तरी उतरेल. तिनं निकाल वाचला आणि विचारलं, लॅबवालीचं नाव यात कुठं आहे? नव्हतं. बारा पानांत ‘एक महिला खेळाडू’ एवढंच होतं.

तिनं पत्र लिहायला घेतलं. एक नाही, बरीच. नवीला, जुनीला, खेळाच्या महासंघाला. मागणी एकच: तो ‘अपूर्ण’ शब्द काढा. सात महिने लागले. शेवटी एक दिवस यादीत लॅबवालीच्या नावापुढे ‘शर्यत रद्द’ आलं, कुठलंही स्पष्टीकरण न देता. तिला त्याचा काहीच उपयोग नव्हता. तिनं आणि आत्यानं टँकच्या ऑफिसात संगणकावर ते पान उघडून पाहिलं. लॅबवाली रडली नाही, हसलीही नाही. म्हणाली, नालायक आहेत. आत्या म्हणाली, हो.

पाण्याची प्रमुख पुन्हा आत्याच झाली, आता तळ्याच्या वतीनं. कयाक लागणारच होत्या आणि त्या बाबांकडेच होत्या. तिनं चिठ्ठी लिहून पाठवली, तीही माझ्या हातून, एकाच घरात वर-खाली: कयाक घेईन, बोट घेईन, माणूस नको. बाबांनी तीसच्या तीस कयाक धुऊन, मोजून धक्क्यावर लावल्या आणि शर्यतीच्या दिवशी काठावर गर्दीत उभे राहिले. मी उतरलेल्यांचा आकडा मोजत होते. त्या कामावर तिनं मला घेतलं, का ते विचारायची माझी हिंमत नाही.

आत्याचा राग गेला का, असं लोक अजून विचारतात. नाही गेला. कधी दिवसभर दिसत नाही, आणि मग टीव्हीवर कुठल्याशा अजिंक्यपदाची जाहिरात लागते, कुणीतरी चमकणारा माणूस पाण्यातून बाहेर येताना, आणि आत्या उठून तो बंद करते.

या वर्षी तिनं टँकवर बचावाचा वर्ग सुरू केला. रविवारी सकाळी. यादीत अकरा नावं होती आणि अकरावं बाबांचं. पंचावन्न वर्षांचा माणूस, तिथं बाकीचे निम्म्या वयाचे. तिनं नाव खोडलं नाही. सगळ्यांसारखंच त्यांना रांगेत उभं केलं. पाण्यातून ओढून आणायला माणसाच्या वजनाचा रबरी पुतळा असतो. बाबा दर रविवारी शेवटच्या लेनमध्ये तो पुतळा या टोकापासून त्या टोकाला आणतात. ती काठावरून वेळ सांगते. मिनिट, सेकंद. भावाशी एवढंच बोलते.

गेल्या रविवारी बाबा पुतळा घेऊन काठाला लागले, धापा टाकत. तिनं वेळ सांगितली. मग काठाशी उकिडवी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, “हनुवटी वर धर तिची. तोंडात पाणी जातंय.”

बाबांनी पुतळ्याची हनुवटी वर धरली, वळले, आणि परत निघाले.